वाईट ओळ आधी

पाहुणी आली तेव्हा बागेत विरळणी चालू होती. २०२२ चा नोव्हेंबर संपत आला होता. घडातले मणी बाजरीच्या दाण्यावरून ज्वारीच्या दाण्यावर आले होते. सुरगाण्याकडून आलेल्या टोळीतल्या बाया मान मागे टाकून, हात वर धरून, बारीक कात्रीनं मणी कमी करत ओळीनं पुढे सरकत होत्या. निफाड तालुक्यात या दिवसांत कुठल्याही मळ्यात शिरलात तरी हेच दिसतं. आम्हाला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नाही.

तिला मात्र तेच पाहायचं होतं. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठची ती द्राक्ष बागायतदार, वय चाळिशीच्या आतलं, शेतकऱ्यांसाठीच्या एका शिष्यवृत्तीवर फिरायला निघालेली, एका निर्यातदाराच्या ओळखीनं आमच्याकडे आलेली. मला वाटलं होतं, शेततळं बघेल, पॅकहाऊस बघेल, चार फोटो काढेल आणि निघेल. मी चहा घेऊन बाहेर आले तर ती टोळीतल्या बायांच्या शेजारी, मांडवाच्या सावलीत जमिनीवर मांडी घालून बसली होती. जेवणाची सुट्टी झाली होती. कुणीतरी तिच्या हातावर नागलीच्या भाकरीचा तुकडा आणि ठेचा ठेवला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी ती खात होती आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहीत होती. माझी मुलगी मध्ये बसून दुभाषाचं काम करत होती. सुट्टी संपली, बाया उठून ओळीत गेल्या, तर ही त्यांच्यामागून ओळीत गेली. चहा गार झाला.

संध्याकाळी ओट्यावर मी तिला विचारलं, तुझ्या बागेत आत्ता काय चाललंय?

"विरळणी," ती म्हणाली.

मला आधी खरं वाटेना. मग उलगडलं. तिच्याकडे आत्ता वसंत सरत आलेला, वेली आपल्या ऋतूनं फुटून फुलोऱ्यातून बाहेर पडलेल्या. आपल्याकडे हिवाळ्यात वेल झोपत नाही, म्हणून आपण ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, करून तिला फुटायला लावतो. कारणं दोन वेगळी, गोलार्ध दोन, पण नोव्हेंबरअखेरीस घड मात्र दोन्हीकडे एकाच अवस्थेत. म्हणजे ही बाई ऐन कामात बाग सोडून आली होती.

"मग तिकडे कोण बघतंय?" माझ्या तोंडून लगेच निघालं.

तिचा भाऊ बघत होता, आणि शेजारचे एक म्हातारे शेतकरी दर दोन दिवसांनी फेरी मारत होते. अर्ज करायच्या आधी मी सहा महिने याच प्रश्नावर घालवले, असं ती म्हणाली. मग तिनं वही मिटली आणि मला विचारलं, "तुला आठ आठवडे मिळाले, तर तू कोणता प्रश्न घेऊन निघशील?"

लग्न होऊन या मळ्यात आले त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. एकरी माल किती निघाला, भाव काय मिळाला, व्यापाऱ्यानं पैसे दिले का, हे मला हजारदा विचारलं गेलंय. तुझा प्रश्न कोणता, हे कुणी विचारलं नव्हतं. मी काहीच बोलले नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, भाषांतर करायला वाक्यच नव्हतं.

ती ज्या शिष्यवृत्तीवर फिरत होती तिचं नाव नफिल्ड. ती गेल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचलं. इंग्रजी अडलं की मुलगी सोडवायची. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करणारा पोरगा. पुढे तो मोटारींचा कारखानदार झाला आणि लॉर्ड नफिल्ड म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यानं १९४३ मध्ये आपल्या संपत्तीतला मोठा वाटा देऊन नफिल्ड फाउंडेशन उभं केलं. युद्ध संपलं तरी ब्रिटनमधलं रेशनिंग संपलं नव्हतं. ते पुरतं उठायला १९५४ उजाडलं. त्या टंचाईच्या काळात, १९४७ मध्ये, शेतकऱ्यांना परदेशी पाठवण्याची ही शिष्यवृत्ती सुरू झाली. मग ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडात गेली, पुढे आयर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स, झिम्बाब्वे, ब्राझीलपर्यंत पोचली.

मला भावल्या त्या तिच्या अटी. जो स्वतः शेतीत आहे त्यानंच जायचं. कॉलेजात बसायचं नाही, पदवी मिळत नाही. विषय आपला आपण ठरवायचा. ब्रिटनच्या शिष्यवृत्तीत किमान आठ आठवडे फिरण्याची अट आहे, आणि त्यातले काही आठवडे सलग हवेत. परत आल्यावर अहवाल लिहायचा, आणि तो कुणालाही वाचता येतो. मग आपल्यासारख्याच शेतकऱ्यांसमोर उभं राहून, मी काय पाहिलं आणि आता काय करणार, हे सांगायचं.

ते अहवाल मी वाचत गेले. कुणी नांगर न घालता पेरणी कशी करावी याचा माग काढत अमेरिकेत फिरलेला, कुणी दोन पिकांच्या मध्ये जमीन उघडी राहू नये म्हणून काय पेरावं ते शोधणारा. हे अपेक्षितच होतं. पण काहींचा विषय होता, म्हातारपणी शेत मुलांच्या हातात कसं आणि कधी सोपवावं. काहींचा, शेतकऱ्याच्या मनावरचा ताण. या विषयांसाठी कुणी विमानाचं तिकीट काढून देतं, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या भावकीत सोपवण्याच्या या एका प्रश्नावर तीन घरं फुटली आहेत. तो प्रश्न शेतीचा आहे, अभ्यासाचा आहे, असं आम्ही कधी मानलंच नाही. ते घरातलं भांडण म्हणून दाबून ठेवलं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१९ मध्ये यांचं नाव एका परदेश अभ्यास दौऱ्याला लागलं. तारीख दोनदा बदलली आणि शेवटी नेमकी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची आली. पैसे भरलेले, परत मिळणार नव्हते. हे जात नाही म्हणत होते, मीच जा म्हटलं. अकरा दिवस, तीन देश.

त्या वर्षी दिवाळीत पाऊस थांबलाच नाही, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. अरबी समुद्रात आधी क्यार, मग महा, अशी दोन चक्रीवादळं पाठोपाठ उठली. आमच्या दोन एकरांपैकी एक एकर लवकर छाटलेला, तो फुलोऱ्यात होता. दुसरा उशिरा छाटलेला, पाच-सहा पानांवर. सहा वर्षांपूर्वीच्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. फुलोऱ्यात पाणी म्हणजे घडकूज, आणि पानांवर पाणी म्हणजे डावणी हा बुरशीचा रोग. ब्लोअरचा ट्रॅक्टर पहिल्याच दिवशी मधल्या सरीत चाकापर्यंत रुतला. फवारणी बंद. सल्लागाराला फोन लावला, तो लागेना. त्या दिवसांत तालुक्यातली प्रत्येक बाग त्यालाच फोन लावत असणार.

दुसऱ्या रात्री अडीच वाजता पाऊस थोडा थांबला. मी बॅटरी घेऊन बागेत गेले. चिखलात चपला राहिल्या. फुलोऱ्यातल्या एकरात हात लावीन तो घड हातात गळत होता. तिथेच उभी राहून ठरवलं की हा एकर सोडायचा. हातात असलेली पावडर, माणसं आणि वेळ सगळं दुसऱ्या एकराला लावायचं. पहाटे जाऊबाई आणि दोन गडी घेऊन मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी सुरू केली, पाठीवरच्या डस्टरनं, ओळीओळीनं. पानं ओली असल्यानं भुकटी चिकटत होती. आठ दिवसांत चार वेळा केली. यांना फोनवर सांगितलं ते निर्णय झाल्यावर. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "बरोबर केलंस."

त्या दिवसांत मी एक वही केली. निर्यातीच्या बागेची फवारणीची नोंद ठेवावीच लागते, पण तिच्यात औषधाचं नाव, प्रमाण, तारीख इतकंच असतं. मी त्यापलीकडचं लिहिलं. पाऊस किती वाजता आला, किती वाजता थांबला, पानं कधी सुकली, पहिला तेलकट डाग कुठल्या ओळीत दिसला, त्यानंतर कुठल्या. आधी मला वाटलं होतं, ओढ्याकडच्या सखल ओळींत रोग आधी येईल. वहीनं वेगळंच सांगितलं. दिवाळीच्या आधी ज्या ओळींतली फेलफूट, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, काढून झाली होती तिथे पानं दोन तास आधी सुकत होती आणि डाग चार दिवस उशिरा आले होते. ज्या ओळी सणामुळे राहून गेल्या, त्या गेल्या. वाचलेल्या एकरातली निम्मी कमाई त्या आधीच्या आठवड्यातल्या हाताच्या कामाची होती. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही वेलीवर फुटी कमी ठेवतो आणि फेलफूट काढल्याशिवाय घरात दिवाळीचा फराळ सुरू होत नाही.

हे परत आले तेव्हा मोबाइलमध्ये सातशे फोटो होते. काचघरं, यंत्रं, फुलांचा लिलाव. गावात सत्कार झाला. शाल, नारळ, दोन शब्द. यांच्याकडे कुणी अहवाल मागितला नाही, आणि तुम्ही तिथे काय शोधायला गेला होतात हेही कुणी विचारलं नाही. यात यांचा दोष मी धरत नाही. अकरा दिवसांत तीन देश म्हटल्यावर दिवसाचा मोठा भाग बसमध्येच जातो. समोरचा शेतकरी बोलायला लागला की निघायची वेळ होते. जायच्या आधी मनात प्रश्न नसला की डोळा यंत्रावर जातो, कारण यंत्र चकाकतं. आपल्या राज्यात शेतकऱ्यांच्या परदेश दौऱ्यांना सरकार निम्म्या खर्चापर्यंत अनुदान देतं, ठरावीक मर्यादेत. ही योजना मला मोलाची वाटते. म्हणूनच वाटतं, की तिच्यात दिवस वाढावेत, देश कमी व्हावेत, आणि निघण्याआधी प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यावं, मी काय विचारायला चाललो आहे याचं.

तरीही यांनी एक गोष्ट आणली. आठवड्याभरानं जेवताना सहज म्हणाले, "हॉलंडमध्ये टोमॅटोवाले दर आठवड्याला एकमेकांच्या काचघरात जातात. आकडे दाखवतात. लपवत नाहीत."

माझा घास हातातच राहिला. आमच्या पट्ट्यात फवारणीचं शेड्यूल लोक दागिन्यासारखं लपवतात. शेजाऱ्याला औषधाची रिकामी बाटली दिसू नये म्हणून पुरून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. सातशे फोटोंत हे कुठेच नव्हतं, फोटोत ते येणारही नव्हतं. मी विचारत गेले आणि यांना आठवत गेलं. किती जण असतात, कोण बोलतं, ज्याचं नुकसान झालंय तो येतो का. दुसऱ्या दिवशी मी जावेला, मग शेजारच्या दोन घरांना बोलावलं.

गुरुवारची शिवारफेरी तेव्हापासून चालू आहे. आज अकरा घरं आहेत. नियम एकच आहे आणि तो पहिल्याच गुरुवारी आमच्या बागेत ठरला: वाईट ओळ आधी दाखवायची. मी सगळ्यांना त्या सोडलेल्या एकरात नेलं. काळे पडलेले घड तारेला तसेच लटकत होते. मी वही उघडून वाचली. वाचताना आवाज कापत होता. एक वयस्कर बागायतदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या गुरुवारी माझ्याकडे या, माझ्याकडे याहून वाईट आहे.

नेतृत्व हा शब्द आपल्याकडे व्यासपीठावरच ऐकू येतो, म्हणून मी तो जपून वापरते. पण त्या काकांनी जे केलं त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही.

शेतकऱ्याच्या पोरानं परदेशी जाऊन शेती पाहावी ही कल्पना आपल्याला नवी नाही, हे मला फार उशिरा कळलं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना धरणं, खत, चांगली जनावरं यांच्या जोडीनं हेही मागितलं होतं, की शेतकऱ्यांच्या मुलांना विलायतेतल्या शेतकी शाळा दाखवायला न्यावं. त्या लेखनाचा काही भाग त्यांनी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांना वाचून दाखवला होता. सयाजीरावांनी शिष्यवृत्त्या दिल्याही. खासेराव जाधव त्यांच्या मदतीनं इंग्लंडला गेले, सायरनसेस्टरच्या शेतकी कॉलेजात शिकले, आणि परत येऊन संस्थानात सुभा, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, झाले. मोठे कर्तबगार अधिकारी. पण इथे माझं मन अडकतं. शेती शिकलेला माणूस कचेरीत गेला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हेच किती वेळा झालं! परदेशी शिकलेले आले ते विद्यापीठात, खात्यात, कंपनीत बसले. त्यांनी खूप दिलं, मी कृतघ्न नाही, आमची रोपं आणि खुंट त्यांच्याच संशोधनातून आले. पण बांधावरून निघून बांधावरच परत येणारा माणूस त्या वाटेनं क्वचितच गेला.

उलट्या वाटेनं आलेल्या एका माणसाची आठवण आमच्या घरात आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघात चांगल्या पदावर होते. ते सोडून १९७७ च्या सुमारास परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागले. ते काही शेतीची शिष्यवृत्ती घेऊन गेले नव्हते. पण बाहेर राहून त्यांना एक प्रश्न दिसला होता, इथला शेतकरी राबूनही गरीब का, आणि त्याचं उत्तर त्यांनी आधी स्वतःच्या शेताच्या हिशेबाच्या वहीत शोधलं. चाकणचं कांद्याचं आंदोलन, शेतकरी संघटना, सगळं त्यानंतरचं. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. त्या क्रमाशी आहे.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला त्यांच्या संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तेव्हा माझ्या सासूबाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेल्या होत्या. चांदवड म्हणजे आमच्यापासून तासाची वाट. पण घराबाहेर दोन रात्री काढण्याची ती त्यांची पहिली वेळ. मी परदेशी जाणाऱ्यांविषयी बोलायला लागले की त्या म्हणतात, "मी चांदवडला गेले तेव्हा म्हशीची धार कोणी काढली ते विचार." सासऱ्यांनी काढली होती. पहिल्यांदा. म्हशीनं त्यांना लाथ मारली होती, हे सांगताना त्यांचा चेहरा अजून उजळतो.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि तो शिष्यवृत्तीच्या चर्चेत फार कमी येतो. जाणाऱ्याच्या तिकिटाचा हिशेब होतो, राहणाऱ्याच्या मजुरीचा होत नाही. महाराष्ट्रात सरासरी खातं १.३४ हेक्टरचं आहे, तेही २०१५-१६ च्या कृषिगणनेतलं, आता आणखी लहान झालं असेल. एवढ्या शेतात जाणारा आणि राहणारा मिळून दोनच माणसं असतात. दूध असेल तर एक दिवसही हलता येत नाही. फिनलंडमध्ये जनावरं सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवसांची सुट्टी कायद्यानं मिळते आणि त्या दिवसांत गोठा बघायला शिकलेला माणूस पाठवला जातो. हे वाचलं तेव्हा मला त्यांच्या श्रीमंतीपेक्षा त्यांच्या नजरेचा हेवा वाटला. घरी राहून गोठा बघणारं माणूसही कुणाच्या तरी हिशेबात होतं.

आणि राहणारी बहुतेक बाईच असते. दौऱ्याला सातबारा लागतो, आठ-अ लागतो. बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून ती जाणारी होत नाही, राहणारीच होते. जोशींच्या संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या नावानं बायकांच्या नावे जमीन करण्याची मोहीम चालवली होती. सासूबाईंच्या नावावर तेव्हा वीस गुंठे झाले. ते वीस गुंठे त्यांनी २०२१ मध्ये माझ्या नावावर केले. म्हणाल्या, तुला कधी कागद लागला तर असू दे.

पैशाचं म्हणाल तर तो प्रश्न सुटण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात धान्य पिकवणारा शेतकरी विकलेल्या मालाच्या किमतीतला साधारण एक टक्का संशोधनासाठी देतो, सरकार त्यात भर घालतं, आणि अशाच संस्थांच्या निधीतून शिष्यवृत्त्याही निघतात. आपल्याकडे साखर कारखाने उसाच्या गाळपावर टनामागे वर्गणी देऊन पुण्याजवळच्या मांजरी गावातली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट चालवतात. म्हणजे रीत आपल्या अंगवळणी आहे. द्राक्षाच्या पेटीमागे काही पैसे निघाले तर दरवर्षी चार-पाच जण आठ आठवड्यांसाठी जाऊन येतील, मागे राहणाऱ्याच्या मजुरीसकट.

जाऊन येण्यानं काय होतं, याचा एक दाखला तासगावच्या बेदाण्यात आहे. घड तोडून आधी ज्या द्रावणात बुडवतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डीपिंग ऑइलच्या, त्याला आपले लोक ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणतात. पाहुणीला मी हे कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे ती ग्रीस आणि तुर्कस्तानकडून आली, तिथले लोक राखेचा खार आणि ऑलिव्हचं तेल वापरायचे. आमची थॉमसन आणि त्यांची सुलताना ही एकच जात, आणि तिला वाळवायची युक्तीही भूमध्य समुद्राकाठून मरे नदीवर आणि तिथून तासगावकडच्या अग्रणी नदीच्या खोऱ्यात आलेली. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कुणाच्या तरी खळ्यावर बसून विचारलं असणार, हे कशात बुडवता?

पाहुणीचा अहवाल २०२४ मध्ये आला. मुलीनं मोबाइलवर उघडून दिला. तिचा विषय होता, हंगामी कामावर येणारी नवी माणसं नाजूक काम कशी शिकतात. तिच्या बागेत दरवर्षी वेगवेगळ्या देशांतून माणसं येतात, भाषा कळत नाही, सूचनांचे कागद छापले तरी घड बिघडतात. इटलीत, आमच्याकडे आणि चिलीत ती हेच बघत फिरली होती. आमच्यावर दोन पानं होती. मी माझ्या वहीविषयी काही असेल म्हणून शोधू लागले. एक ओळ होती. बाकी सगळं मावशीविषयी होतं.

मावशी म्हणजे सुरगाण्याच्या टोळीची मुकादम. चौदा वर्षं ती आमच्याकडे येते. तिच्या टोळीत दरवर्षी सात-आठ नव्या पोरी असतात, पंधरा-वीस दिवसांत त्या तयार होतात. ओळीच्या तोंडाशी पहिल्या वेलीवर ती एक लाल चिंधी बांधते. मला वाटायचं, कालचं काम कुठवर झालं त्याची ती खूण. अहवालात लिहिलं होतं की त्या चिंधीखालचा घड मावशी स्वतः विरळते. कुठला मणी ठेवला, कुठला काढला, पाकळीत, म्हणजे घडाच्या छोट्या फांदीत, किती अंतर सोडलं, ते सगळं त्या एका घडात असतं. नवी पोरगी अडली की मावशीला विचारत नाही, चिंधीपर्यंत चालत जाते, घड बघते, परत येते. पाहुणीनं विचारलं होतं, तू समजावून का सांगत नाहीस? मावशीचं उत्तर मुलीनं तेव्हा भाषांतर केलेलं, ते आता इंग्रजीतून पुन्हा मराठीत माझ्यासमोर आलं: सांगितलं की पोरी मान हलवतात. बघितलं की हात शिकतो.

चौदा वर्षं ती चिंधी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी विचारलं नव्हतं. आठ आठवड्यांसाठी घर सोडून आलेल्या बाईनं पहिल्या दुपारी विचारलं.

त्या हंगामात टोळी आली तेव्हा मी मावशीला सगळं वाचून दाखवलं. ती कात्रीला धार लावत होती, धार लावतच राहिली. शेवटी विचारलं, "मग तिनं तिकडं केलं का ते?"

इतके अहवाल वाचून मला हा प्रश्न सुचला नव्हता. मी तो तसाच्या तसा पाहुणीला पाठवला. तिकडे तेव्हा रात्र असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाया जेवायला बसलेल्या असताना, फोटो आला. लांबच लांब सरळ ओळी, तांबडी माती, निळं आभाळ, आणि पहिल्या वेलीच्या तारेला बांधलेलं लाल कापड. खाली लिहिलं होतं, नऊ माणसं, चार भाषा, या वर्षी कागद छापला नाही.

मी मोबाइल मावशीच्या हातात दिला. तिनं ओल्या बोटानं फोटो मोठा केला, तिरपा धरला, पुन्हा मोठा केला. बाकीच्या बाया तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"चिंधी लई वर बांधली तिनं," मावशी म्हणाली. "पोरी चिंधीकडं बघतील, घडाकडं कोण बघंल? वीतभर खाली घे म्हणावं. आणि वहिनी, आत्ताच पाठव, तिची विरळणी संपायच्या आत."